सकाळचा पहिला सेल्फ

वाचकांचे प्रश्न : जुन्या टर्बो गाड्यांचं थंडीतलं दुखणं

पावसाळ्यात आमच्याकडे ब्रेक आणि वायपरची पत्रं येतात, मे महिन्यात एसीची, आणि डिसेंबर उजाडला की एकच तक्रार असते : ‘सकाळी गाडी स्लोला धरत नाही,’ म्हणजे रेस न देता नुसती चालू ठेवली की डळमळते किंवा बंद पडते. यंदा आलेल्या पत्रांतली पाच इथं घेतली आहेत. गाड्यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. दहा-पंधरा वर्षं चाललेल्या कुठल्याही टर्बो गाडीत (एक्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्याने इंजिनात जादा हवा दाबून भरणारी गाडी) हे होऊ शकतं, आणि शोधायची रीत सगळीकडे जवळपास सारखीच आहे.

प्रश्न : माझी २००७ सालची १.८ लिटर टर्बो पेट्रोल सेडान आहे. १ लाख ३४ हजार किलोमीटर झालेत. सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते, आरपीएम १२०० ला जातो आणि चार-पाच सेकंदांत धाडकन ५०० वर येतो. गाडी थरथरते, कधी बंदच पडते. दोन-तीन मिनिटं रेस देऊन धरली की ठीक होते. उद्यमनगरात मिस्त्रींकडे पोचेपर्यंत काहीच नसतं. ते म्हणतात, ‘साहेब, गाडी तर झकास चाललीय.’ आता करायचं काय?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मिस्त्री खोटं बोलत नाहीत. राजारामपुरीहून उद्यमनगरला जाईपर्यंत इंजिन कोमट होतं, आणि ज्या अवस्थेत हा दोष दिसतो ती अवस्थाच वाटेत संपते. त्यामुळे आधी एक करा. गाडी संध्याकाळी गॅरेजमध्ये मुक्कामाला ठेवा, नाहीतर मिस्त्रींना सकाळी घरी बोलवा. इंजिन किमान ८ तास बंद असलं पाहिजे. ‘जरा चालू करून बघतो’ म्हणून कुणी मध्येच किल्ली फिरवली, तर त्या दिवसाची तपासणी वाया गेली असं समजा.

दोष थंडीतच का दिसतो हे कळलं की शोध सोपा होतो. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. इंजेक्टरने उडवलेल्या पेट्रोलचा बराच भाग इनटेकच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या मार्गाच्या, गार भिंतींना आणि व्हॉल्व्हच्या पाठीला चिकटतो. म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, सुरुवातीला जास्त पेट्रोल सोडतो. किती जास्त सोडायचं ते तो कूलंट टेम्परेचर सेन्सर बघून ठरवतो, आणि हवा किती येते ते एअर फिल्टरच्या पुढे बसलेला एअर मास सेन्सर त्याला सांगतो. मिश्रण बरोबर आहे का हे सांगायचं काम ऑक्सिजन सेन्सरचं, पण तो साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय बोलत नाही. शिवाय एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून ईसीयू स्पार्क मुद्दाम उशिरा देतो, त्यामुळे स्लोला इंजिनाचा जोर आधीच कमी असतो. अशा वेळी एअर मास सेन्सरला चुकवून थोडी जरी हवा आत शिरली, तरी मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि इंजिन मिसिंग मारतं, म्हणजे मध्येच ठोके चुकवतं. मिनिट-दोन मिनिटांत ऑक्सिजन सेन्सर जागा होतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि गाडी सुधारल्यासारखी वाटते. भोक मात्र जिथल्या तिथेच असतं.

आता सकाळचं काम. ईसीयूतले आकडे वाचणारा स्कॅनर जोडा, किल्ली फिरवून फक्त इग्निशन चालू करा, सेल्फ मारू नका. साधं ब्लूटूथ ॲडॅप्टर काही जुन्या गाड्यांशी बोलत नाही, अशा वेळी त्या गाडीचं सॉफ्टवेअर असलेला स्कॅनर लागेल. पहिले दोन आकडे बघायचे ते कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन्ही बाहेरच्या हवेइतके, एकमेकांपासून फार तर ४-५ अंशांच्या आत असायला हवेत. बाहेर १५ अंश आहेत आणि कूलंट ५० दाखवतोय, तर ईसीयू इंजिन कोमट आहे असं समजून पेट्रोल कमी सोडणार. तुमचा दोष तिथेच सापडला. उणे ३०-४० असा आकडा आला तर सेन्सरची वायर तुटली आहे किंवा कनेक्टर सुटला आहे. मल्टिमीटरने तपासायचं असेल तर बहुतेक सेन्सरचा रेझिस्टन्स २० अंशांना २ ते ३ किलोओहम असतो आणि ८० अंशांना तीन-साडेतीनशे ओहमपर्यंत उतरतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

इथे एक फसगत नेहमी होते. डॅशबोर्डवरचा काटा बरोबर चालतोय म्हणून सेन्सर चांगला आहे असं ठरवू नका. बऱ्याच युरोपीय गाड्यांत चार पिनांचा सेन्सर असतो. त्याच्या पोटात दोन वेगळे घटक असतात, एक काट्यासाठी आणि एक ईसीयूसाठी. एक मेला तरी दुसरा व्यवस्थित चालतो.

तिसरा आकडा मॅप किंवा बूस्ट सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, म्हणून इथे ९४-९५ किलोपास्कल यायला हवेत. पन्हाळ्यावर हाच आकडा ९० च्या आसपास येतो. पुस्तकात १०१ लिहिलंय म्हणून चांगला सेन्सर काढून टाकणारे लोक आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

हे आकडे बरोबर असतील तर सेल्फ मारा आणि गाडीला हात न लावता होऊ द्या काय व्हायचं ते. बंद पडली तर पुन्हा चालू करा. ऑक्सिजन सेन्सर जागा होऊन ईसीयू त्याचं ऐकायला लागला, म्हणजे स्कॅनरवर ‘क्लोज्ड लूप’ आलं, की शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने ठरलेल्या पेट्रोलात केलेली तात्पुरती आणि कायमची वाढ-घट) वाचा आणि दोघांची बेरीज करा. उणे १० ते अधिक १० टक्के हे ठीक. स्लोला अधिक १५ ते २५ टक्के आणि २५०० आरपीएमला धरल्यावर तोच आकडा शून्याकडे येतोय, तर कुठूनतरी चोरटी हवा येते आहे हे जवळपास नक्की. कारण साधं आहे. भोकातून येणारी हवा साधारण तेवढीच राहते, पण वरच्या आरपीएमला एकूण हवाच इतकी वाढते की तिचा हिस्सा नगण्य होतो. याउलट आरपीएमबरोबर ट्रिम वाढत गेला तर पेट्रोलचा दाब कमी आहे किंवा एअर मास सेन्सर कमी मोजतोय.

तुमच्या वर्णनावरून आमचा पहिला संशय पीसीव्हीच्या होजांवर आहे. म्हणजे क्रँककेसमधली ऑइलची वाफ इनटेकमध्ये परत नेणारे पाइप. टर्बो गाडीत त्यांचे हाल दुप्पट. स्लोला त्यांच्यावर ओढ असते, गाडी पळवली की इनटेकमध्ये दाब येतो, आणि मधला एकदिशा व्हॉल्व्ह तो दाब क्रँककेसमध्ये जाऊ देत नाही. पंधरा वर्षं हे ताणणं-दबणं, वरून ऑइल आणि इंजिनची उष्णता.

टॉर्च घ्या, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली हात घाला आणि होज अंगठ्याने दाबत जा. वरून काळा, धडका दिसतो. पण वळणावर, बहुधा खालच्या बाजूला जिथे नजर पोचत नाही तिथे, अंगठा आत रुततो. रबर ऑइल पिऊन मऊ चिखलासारखं झालेलं असतं आणि बोटाला काळं लागतं. होज थोडा वाकवला की नखाएवढी चीर उघडते, सोडला की मिटते. इंजिन तापल्यावर रबर फुगतं आणि चीर जवळपास बंद होते. सकाळचा दोष दुपारी न दिसण्याचं हेही एक कारण.

एकदिशा व्हॉल्व्ह काढून पेट्रोलने धुवा, नीट सुकवा आणि फुंकून बघा. क्रँककेसकडून मॅनिफोल्डकडे हवा गेली पाहिजे, उलटी अजिबात जाता कामा नये. दोन्हीकडून जात असेल तर बदला. इंजिन स्लोला असताना ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. एअर मास सेन्सरच्या गाडीत झाकण उघडल्यावर आरपीएम हलायला हवा. काहीच फरक पडला नाही, तर तेवढी हवा आधीच दुसरीकडून येत असण्याचा दाट संशय धरा. झाकण आतून इतकं ओढलं जातंय की उचलायलाच जोर लागतो आणि शिट्टी वाजते, तर पीसीव्हीचा पडदा फाटला आहे.

त्यानंतर ब्रेक बूस्टरचा होज. पक्कडीच्या जबड्यांना कापड गुंडाळून तो क्षणभर दाबून धरा. आरपीएम लगेच सावरला तर बूस्टर किंवा त्याचा व्हॉल्व्ह गळतोय. होज रबराचा असेल तरच हे करा, जुना प्लॅस्टिक पाइप दाबला की तुटतो. मग इंजेक्टरच्या ओ-रिंगा, मॅनिफोल्डचं गॅस्केट, डिपस्टिकच्या नळीचं बूड.

बरेच जण कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून लीक शोधतात. पद्धत चांगली आहे : संशयाच्या जागी फवारा मारला आणि आरपीएम बदलला तर लीक तिथेच. पण हे फक्त गार इंजिनवर, चालू केल्यापासून पहिल्या मिनिटभरात, आणि टर्बोच्या बाजूला चुकूनही नाही. टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तापलेलं असताना त्यावर स्प्रे गेला तर आग लागते. जवळ अग्निशामक ठेवा.

त्यापेक्षा खात्रीची रीत प्रेशर टेस्टची. एअर फिल्टरकडून टर्बोकडे जाणारा पाइप सोडवून त्यात बरोबर मापाचं पीव्हीसीचं टोपण बसवा. टोपणाला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा वॉल बसवलेला असावा. कॉम्प्रेसरला रेग्युलेटर लावून फार तर ०.३ बार, म्हणजे ४-५ पीएसआय हवा भरा. एवढी पुरते. जास्त दाब दिला तर क्रँकचे ऑइल सील बाहेर येतील. मग साबणाचं पाणी आणि कान. टोपण टर्बोच्या तोंडाशीच बसवायचं, एअर मास सेन्सरच्या अलीकडे नाही. सेन्सरच्या आतली तार नाजूक असते.

लीक कुठे सापडला यावरून तो थंडीतल्या दोषाचा आहे की नाही हेही कळतं. थ्रॉटलच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) पुढचा लीक, म्हणजे मॅनिफोल्डच्या बाजूचा, स्लोला मिश्रण पातळ करतो. एअर मास सेन्सर आणि टर्बो यांच्यामधल्या भागातही नेहमी ओढच असते, तिथली चीर तसंच करते. टर्बो ते इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारा) ते थ्रॉटल या पट्ट्यातला लीक मात्र स्लोला फारसा जाणवत नाही, कारण तिथे तेव्हा दाबही नसतो आणि ओढही. तो चढावर कळतो : मोजलेली हवा बाहेर फुसकते, पेट्रोल तेवढंच पडतं, आणि मागून काळा धूर निघतो. सकाळच्या दुखण्यासाठी इंटरकूलरचे पाइप बदलायला निघालेल्यांनी आधी एवढं बघावं.

होज बदलताना दोन गोष्टी. मीटरवर मिळणारा रेडिएटरचा होज पीसीव्हीला लावू नका. ते ईपीडीएम रबर असतं, ऑइल लागलं की काही महिन्यांत फुगून लोंबतं. ऑइल सोसणारा नायट्राइलचा होज मागा. साधा सिलिकॉनचा होज दिसायला छान असतो, पण ऑइल त्यातून हळूहळू पाझरतं. आणि मऊ होजावर स्क्रूची क्लिप आवळताना हात आवरा, तिची धार रबरात घुसते आणि नवी चीर तयार होते.

लीक मिळाला, बुजवला, तरी काम संपलेलं नाही. थ्रॉटल बॉडी साफ करा, कारण पाकळीच्या कडेला साचलेला काळा थर थंडीत लागणारी हवा अडवतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने जोरात ढकलू नका. साफ केल्यावर बॅटरी चांगली भरलेली असताना, इंजिन बंद आणि इग्निशन चालू ठेवून, स्कॅनरने थ्रॉटल ॲडॅप्टेशन करा. जुने ट्रिम पुसून टाका. हे राहून गेलं तर दुरुस्तीनंतर दोन-चार दिवस गाडी आणखी वाईट चालते, कारण ईसीयू अजून त्या जुन्या भोकाचा हिशोब धरून पेट्रोल सोडत असतो.

प्रश्न : एअर मास सेन्सरचा कनेक्टर काढून ठेवला की माझी टर्बो पेट्रोल सकाळी छान चालते. म्हणून सेन्सर नवा घातला, तरी तेच. आता दुसऱ्यांदा बदलू का? प्लग आणि कॉइलही नव्या आहेत.
— वाचक, कसबा बावडा

उत्तर : नको. कनेक्टर काढल्यावर ईसीयू मोजलेला आकडा सोडून देतो आणि थ्रॉटलचा कोन व आरपीएम यांवरून हवेचा अंदाज बांधतो. या अंदाजात चोरटी हवा थोडीफार सामावून जाते. म्हणून या चाचणीतून एवढंच सिद्ध होतं की मोजलेली हवा आणि प्रत्यक्ष हवा जुळत नाही. सेन्सर कमी मोजतोय, किंवा त्याच्या पुढे लीक आहे. पहिली शक्यता तुम्ही नवा सेन्सर घालून संपवली आहे, फक्त तो चांगल्या दर्जाचा आहे याची खात्री करा. गरम इंजिनला स्लोवर १.८ लिटरच्या गाडीत २ ते ४ ग्रॅम प्रतिसेकंद असा आकडा दिसावा. सेन्सर बरोबर आणि आकडा २ च्याही खाली, तर हवा दुसऱ्या वाटेने येतेय. वरच्या उत्तरातली प्रेशर टेस्ट करा.

प्लग नवे आहेत म्हणता, पण गॅप मोजला का? डब्यातून काढला तसा बसवला, असं बहुतेक ठिकाणी होतं. जुन्या टर्बो पेट्रोलना साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर गॅप लागतो. १.१ चा प्लग बसला असेल तर कॉइल नवी असूनही थंडीत आणि बूस्टखाली मिसिंग येईल.

इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं असेल तर आणखी एक जागा बघायला हवी. अशा इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, इनटेक व्हॉल्व्हची पाठ कधी धुतलीच जात नाही. पीसीव्हीतून येणारी ऑइलची वाफ तिथे भाजून कोळशासारखा थर चढतो. थंड इंजिनला मिसिंग, गरम झाल्यावर नाही, आणि ट्रिमही फार वाढलेला नाही, अशी खूण जुळली तर मॅनिफोल्ड काढून किंवा बोअरस्कोप घालून व्हॉल्व्ह बघा. टाकीत टाकायची कुठलीही क्लीनरची बाटली तिथवर पोचत नाही. व्हॉल्व्ह मिटलेल्या स्थितीत अक्रोडाच्या टरफलाचा भुगा हवेने मारून किंवा हाताने खरवडूनच तो थर निघतो. ज्या सिलिंडरवर काम चालू आहे त्याचे व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले आहेत हे दर वेळी तपासा. एक कण आत गेला तर काम वाढेल.

प्रश्न : कॉमन रेलची टर्बो डिझेल, २००९ ची, दोन लाखांच्या जवळ. आमच्याकडं सकाळी गारठा असतोय. चालू होते, पण एक मिनिट तीन पायावर चालल्यासारखी करते आणि पांढरा धूर. मेकॅनिक इंजेक्टर काढूया म्हणतोय. चारही इंजेक्टरचा खर्च ऐकून छातीत धस्स झालं.
— वाचक, आजरा

उत्तर : इंजेक्टर सगळ्यात शेवटी. आधी धुराचा वास घ्या. डोळे चुरचुरतात आणि कच्च्या डिझेलचा वास येतो, तर ते न जळलेलं डिझेल आहे. गोडसर वास आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे वळा आणि पुढचं वाचायची गरज नाही.

कच्च्या डिझेलचा धूर आणि तोही मिनिटभरच, याचा अर्थ एका सिलिंडरमध्ये उष्णता कमी पडतेय. कॉमन रेल गाडी १५ अंशांना ग्लो प्लगशिवायही (गार सिलिंडर आतून तापवणारा प्लग) चालू होते, म्हणून एखाद-दुसरा प्लग मेलेला महिनोन्‌महिने कळत नाही. कळतो तो असा, तीन पायांवर. प्लगची पट्टी सोडवा, मल्टिमीटरने प्लगचं टोक आणि इंजिन यांत रेझिस्टन्स मोजा. चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. काहीच दाखवला नाही तर मेला. चारही चांगले असतील तर किल्ली फिरवल्यावर पट्टीवर बॅटरीइतका व्होल्टेज येतो का बघा. न आल्यास रिले किंवा त्याचा फ्यूज.

प्लग काढताना घाई करू नका. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि इंजिन गरम असताना, हळू, पुढे-मागे करत सोडवा. अडकला आणि जोर वाढायला लागला तर थांबा, पुन्हा ऑइल, पुन्हा गरम. प्लग हेडमध्ये तुटला तर काम चौपट होतं. बसवताना बारीक थ्रेडच्या प्लगला १० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क पुरतो. टॉर्क रेंच नसेल तर कुणाकडून मागून आणा.

प्लग ठीक निघाले तर रिटर्न टेस्ट. चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या नळ्या सोडवून चार पारदर्शक बाटल्यांत घाला, इंजिन स्लोला दोन-तीन मिनिटं चालवा. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा दुप्पट डिझेल जमलं, तर तो एक इंजेक्टर झिजलाय. चारही बदलायचं काहीच कारण नाही. इंजेक्टरपाशी ‘चक चक’ असा फुसका आवाज आणि काळं डांबर दिसत असेल तर खालचा तांब्याचा वॉशर गळतोय. एक्झॉस्टचा थोडा धूर परत इनटेकमध्ये सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकलेला असला तरी सकाळी इंजिन असंच घुसमटतं, त्याची नळी काढून बघायला फार वेळ लागत नाही.

आणि इथर. ग्लो प्लगच्या गाडीत इथरचा स्प्रे मारायचा नाही, कधीच नाही. लालभडक प्लगवर इथर पोचला की तो भलत्याच वेळी पेटतो, पिस्टनच्या रिंगा आणि कनेक्टिंग रॉड त्याची किंमत मोजतात. इनटेकच्या तोंडाशी पेटता बोळा धरणंही बंद करा. कापडाचा तुकडा आत ओढला गेला तर टर्बोचा पंखाच जायचा.

प्रश्न : ई-२० पेट्रोल आल्यापासून जुनी टर्बो सकाळी नखरे करायला लागली. आमच्या भागातल्या उसाचंच इथेनॉल, त्याला दोष द्यायला जीव होत नाही. खरंच पेट्रोलमुळे आहे का?
— वाचक, कागल

उत्तर : थोडं पेट्रोलमुळे, बरंच गाडीच्या वयामुळे. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलेल्या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं. गरम इंजिनात ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखून भरून काढतो, त्यामुळे ट्रिम अधिक ५ ते ८ टक्क्यांवर स्थिरावला तर तो बिघाड समजू नका. सकाळी सेन्सर झोपलेला असताना मात्र जुना ईसीयू जुन्याच हिशोबाने पेट्रोल सोडतो. त्यात इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते. आधी एखाद्या बारीक लीकने मिश्रण थोडं पातळ होतं आणि गाडी ते सोसत होती. आता दोन्ही मिळून सोसण्याची हद्द ओलांडली.

म्हणून आधी लीक शोधा. ते बुजवल्यावर ई-२० वरही सकाळ सुधारायला हवी. दुसरं, टाकीपासून इंजिनपर्यंतचे पेट्रोलचे रबरी पाइप बघा. २०१० च्या आधीच्या गाडीतले पाइप बहुधा एवढ्या इथेनॉलसाठी बनलेले नसतात. बोटाने दाबल्यावर चिकट किंवा तडे गेलेले वाटले तर इथेनॉल सोसणारे घाला, आणि यात उशीर करू नका, कारण टर्बोशेजारी गळणारं पेट्रोल हा सकाळच्या थरथरीपेक्षा फार मोठा धोका आहे. तिसरं, फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून आत पेट्रोल आहे का बघा. असेल तर आतला पडदा फाटलाय. सेल्फ बराच वेळ मारावा लागत असेल तर रेलला गेज लावून गाडी बंद करा आणि १० मिनिटांनी दाब बघा. ३ बारच्या सिस्टिममध्ये २ च्या खाली गेला तर पंपाचा एकदिशा व्हॉल्व्ह किंवा एखादा इंजेक्टर गळतोय.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल, विशेषतः पावसाळ्यात, तर टाकी रिकामी ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. ते प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप नेमकं तळाचंच ओढतो.

प्रश्न : टर्बो गाडी सकाळी किती वेळ उभी ठेवून तापवावी? वडील म्हणतात दहा मिनिटं. आणि जुन्या इंजिनला घट्ट ऑइल चांगलं का?
— वाचक, पन्हाळा

उत्तर : दहा मिनिटं नको. अर्धा मिनिट पुरे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. त्या थराला ऑइल पोचायला काही सेकंद लागतात, म्हणून चालू केल्याबरोबर रेस मारायची नाही. मग हळू निघा, काटा मधे येईपर्यंत २००० ते २५०० च्या वर जाऊ नका. उभ्या गाडीत इंजिन फार सावकाश तापतं, तेवढा वेळ ते जादा पेट्रोलवर चालतं, आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं. पन्हाळ्याहून सकाळी निघणाऱ्यांना सुरुवातीलाच उतार आहे, त्याचा फायदा घ्या.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. ५डब्ल्यू-४० लिहिलं असेल तर २०डब्ल्यू-५० घालू नका. गार असताना ते टर्बोच्या बेअरिंगला आणि हायड्रॉलिक लिफ्टरना उशिरा पोचतं, वरून टिक टिक ऐकू येते आणि चेन टेन्शनर ढिला पडून पहिल्या सेकंदाला खडखडाट होतो. गाडी ऑइल खात असेल म्हणून घट्ट घालायचा विचार असेल, तर आधी पीसीव्ही तपासा. पहिल्या उत्तरात सांगितलेला पीसीव्हीचा फाटका पडदा ऑइलही ओढतो.